पिवळ्यावर थांबलेली चकती

मला राग पटकन येतो. आईचं म्हणणं असं की मला आधी लाज येते, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून मी रागावते. असेल तसं. आईशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

राहात्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. वडील कारखान्यात फिटर होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. मी कॉलनीतल्या बालवाडीत शिकवायचे. नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं, माझं लग्नाचं वय आलं तसं पुढेही सरकलं होतं, आणि नववीत असताना ओठाच्या कडेला उठलेला पांढरा ठिपका आता हनुवटीखाली, कोपरांवर आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पसरला होता. कोड. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचं नाही. ‘ते’ म्हणायचं. “ते जरा वाढलंय का गं?” जसं काही घरात ठेवलेला भाडेकरूच.

बावचीचं तेल लावून मी उन्हात बसले, ताक सोडलं, लिंबू सोडलं, चिंच सोडली. नगरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हे लागट नाही, यानं काही होत नाही. काही होत नाही कसं? हळदीकुंकवाला बायका मला कुंकू लावायच्या ते बोटाच्या अगदी टोकानं, तव्याला हात लागावा तशा घाईनं. घरी येऊन मी भांडी आपटायचे.

आईनं एक शोध लावला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात माझे डाग उठून दिसायचे, पिवळ्या बल्बखाली मात्र जवळजवळ नाहीसे व्हायचे. म्हणून पाहुणे आले की ट्यूब बंद आणि बल्ब चालू. “व्होल्टेजच नाही हो, ट्यूब कुठली पेटतेय,” असं आई सांगायची. कुणाला शंका यायची नाही, कारण व्होल्टेज खरोखरच नसायचं.

गणपतीत आमच्या कॉलनीचं नाटक असायचं. ऑफिसातले क्लार्क, दोघी-तिघी शिक्षिका, झालंच तर एखादा हौशी ड्रायव्हर. अंगावर डाग असलेल्या मुलीनं कशाला स्टेजवर चढावं, असं पुष्कळांना वाटायचं आणि एकदोघींनी ते आईला बोलूनही दाखवलं होतं. मला मात्र नाटक जीव की प्राण होतं. चेहऱ्यावर मेकअपचा थर असायचा आणि मी बोलायला लागले की लोक ऐकायचे. तेवढा वेळ माझ्या हनुवटीकडे कुणी बघायचं नाही. त्या वर्षी मला थोरल्या सुनेचं काम मिळालं होतं. प्रत्येक अंकात येऊन सगळ्यांना चहा द्यायचा आणि तोंडाचा पट्टा चालवायचा. म्हणजे अभिनय असा काही करावाच लागणार नव्हता.

त्याच सुमाराला नेवाशाहून स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात शिक्षक. मध्यस्थ म्हणजे अण्णांच्या जुन्या ओळखीचा एक माणूस. अण्णांनी त्याला बजावलं, “डागाचं आत्ता काढू नको. आधी पोरगी बघू दे. मी त्यांना नाटकालाच बोलवतो. एकदा मनात बसली म्हंजे मग सांगू. मनात बसल्यावर मानूस मोडत न्हाई.”

म्हणजे मला दाखवायचं ते घरात पाटावर बसवून नाही, तर लांबून, स्टेजवर, रंग लावून. मी अण्णांना म्हणाले, “गुरांच्या बाजारात शिंगं रंगवतात तसं ना?” आई म्हणाली, “तुझं तोंड आवर.” मी आवरलं. मलाही ते स्थळ हवं होतं. मुलाचा फोटो मी आईच्या नकळत दोनदा पाहिला होता.

आता दिव्यांचं. दरवर्षी आमच्या स्टेजवर दोन पांढरे हॅलोजन असायचे, झगझगीत, डोळे दिपवणारे. त्या वर्षी कॉलनीनं हट्ट धरला की रंगीत फिरते दिवे आणायचेच. शेजारच्या कारखान्यावर ऑर्केस्ट्रा झाला होता, तिथं दिव्यापुढं मोटरवर फिरणारी रंगीत काचांची चकती होती म्हणे. अख्खं स्टेज क्षणात लाल, क्षणात निळं न्हाऊन निघायचं. झालं! पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत एकच विषय, आपल्याकडं चकती कधी? अण्णांनी जन्मात नाटकाच्या कामात बोट घातलं नव्हतं, पण त्या वर्षी दिवे ठरवायला ते आपणहून पुढं झाले. मंडळाच्या सेक्रेटरींना म्हणाले, “पोरीला बी घेऊ संगं. साडीचा रंग कसा दिसतो ते बघाय बाईमानूस पायजे.”

सेक्रेटरींना ते पटलं. मलाही पटलं, हा माझा बावळटपणा.

नगरला एका गल्लीत दिवे भाड्यानं देणाऱ्याचं दुकान होतं. दुकानदारानं मागच्या अंधाऱ्या खोलीत दिवा मांडला, पुढं चकती लावली आणि मोटर चालू केली. भिंत लाल झाली, मग पिवळी, मग हिरवी, मग निळी. खरं सांगते, मला फार आवडलं. मी लहान पोरीसारखी बघत राहिले.

“हात धर गं पुढं,” अण्णा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. अण्णांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात उजेडात ओढला. लाल आलं, डाग गेले. पिवळं आलं, डाग गेलेलेच. हिरव्यात थोडे जाणवले. आणि निळं आलं तेव्हा माझी बोटं चुन्यात बुडवल्यासारखी दिसायला लागली. एकेक डाग आपापल्या काठासकट वर आला. मी स्वतःसुद्धा ते इतके स्पष्ट कधी पाहिले नव्हते.

दुकानदारानं एकदा हाताकडं बघितलं आणि मग वायरींच्या भेंडोळ्यात काहीतरी शोधायला लागला. सेक्रेटरी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. अण्णांनी मात्र माझा हात सोडला नाही. चकती पुन्हा एक फेरी मारून निळ्यावर येईपर्यंत धरून ठेवला, खात्री करून घ्यायला. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं मला वाटलं. मी हात हिसकून पदराखाली घेतला.

“निळी नको,” अण्णा म्हणाले.

“काका, काचा एकाच चकतीत बसवलेल्या हायत,” दुकानदार हळूच म्हणाला. “निळी काढली तर तिथून नुसता पांढरा उजेड येईल.”

पांढरा तर त्याहून नको होता. अण्णांनी विचार केला. “मग चकती फिरवायचीच न्हाई. पिवळ्यावर ठेवू.”

“अहो, फिरवायची नाही तर न्यायची कशाला?” सेक्रेटरी कळवळले. “लोक मला स्टेजवरून खाली ओढतील.”

शेवटी फिरते दिवे घ्यायचे ठरले, पण अण्णांनी अट घातली की नाटकात चकती तेच चालवणार. मोटरीतलं त्यांना कळत होतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. अण्णांनी वाटेतल्या एका स्टँडवर भजी घेतली, मला पुढं केली. मी घेतली नाहीत.

नाटकाच्या संध्याकाळी मांडव भरून वाहत होता. पुढच्या खुर्च्यांवर नेवाशाचे पाहुणे, मुलगा, त्याची आई आणि मामा. ते राहात्याला नातेवाइकांकडं उतरले होते. मेकअपवाल्यानं माझ्या चेहऱ्याला, हातांना रंग थापला. हातांचा रंग कपबशीला लागत होता, म्हणून मी बोटं ताठ धरून हिंडत होते. अण्णा स्टेजच्या बाजूला बांबूच्या मचाणावर दिव्यापाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

पडदा उघडला, चकती फिरली आणि मांडवात शिट्ट्या पडल्या. लाल, पिवळं, हिरवं, निळं! नाटकात काय चाललंय याच्याशी त्या रंगांचा काडीचा संबंध नव्हता. सासरा पेपर वाचत होता आणि हिरवा पडत होता. पण लोक खूश होते. मग मी चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि चकती थांबली. पिवळ्यावर. मी बोलले, चहा दिला, आत गेले. चकती फिरायला लागली.

पुन्हा आले, पुन्हा थांबली. गेले, फिरली.

पहिल्या अंकात लोकांना वाटलं काहीतरी बिघडलंय. “ओ अण्णा, फिरवा की!” कुणीतरी ओरडलं. “झोप लागली काय?” हशा झाला. दुसऱ्या अंकात पोरांना त्यातली गंमत कळली. मी विंगेत उभी राहिले की पुढं बसलेली पोरं ओरडायची, “आली, आली, आता थांबनार!” आणि चकती थांबायची. पोरं टाळ्या पिटायची. मी संवाद म्हणत होते, पण माझ्या कानात दुसरं काही शिरत नव्हतं.

मग मांडवातून एका बाईचा आवाज आला, “गप बसा रे मेल्यांनो!” तो आवाज दबका होता, पण त्यात सगळं होतं. तिला कळलं होतं. हळूहळू साऱ्या कॉलनीला कळलं, कारण माझे डाग त्यांना ठाऊकच होते. शिट्ट्या थांबल्या, टाळ्या थांबल्या. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आत आले तेव्हा चकती पिवळ्यावर थांबली आणि सगळा मांडव माझ्यासाठी गुपचूप बसून राहिला. अरे, ओरडा ना! हसा ना! ती शांतता मला सहन होईना. एवढ्या माणसांनी मिळून मला लपवलं होतं आणि प्रत्येकाला ते माहीत होतं. शेवटच्या प्रवेशात माझे दोन संवाद गेले.

निळा माझ्यावर एकदाही पडला नाही. अण्णा जिंकले. नाटक संपल्यावर पाहुण्यांनी त्यांना नमस्कार केला आणि मुलाची आई म्हणाली, “सकाळी येतो घरी.” अण्णांचा चेहरा फुलला. घरी येईपर्यंत ते आईला सांगत होते, “बघ, मी म्हनलं न्हवतं?”

सकाळी पाहुणे आले ते ओट्यावरच बसले. “आत नको, हितं वारं छान हाय,” मुलाची आई म्हणाली. लख्ख ऊन पडलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, मेकअप नाही, काही नाही. ट्रे तिच्यापुढं धरला. माझी दहाही बोटं तिच्या डोळ्यांसमोर होती.

तिनं कप उचलला आणि अण्णांना विचारलं, “दादा, पोरीचं काही दुखनं-खुपनं? काही सांगायचं असलं तर सांगा.”

अण्णा माझ्या हातांकडं बघत होते. ती बाईही बघत होती. मुलगा खाली मान घालून बसला होता.

“छे छे,” अण्णा म्हणाले. “तसलं काय बी न्हाई.”

आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटली आहे, पण तशी कधी नाही. ट्रे खाली ठेवावा एवढंही मला सुचलं नाही.

मुलाच्या आईनं चहा पूर्ण प्यायला. मग म्हणाली, “आमाला मध्यस्थानं पयल्याच दिशी सांगितलं हुतं. माझ्या सख्ख्या भनीला बी हाय कोड. तिचा संसार नीट चाललाय. आमी ते समजून-उमजून आलो हुतो, दादा. काल सगळं नाटक मी वाट बघितली की ह्यो मानूस खाली उतरून बोलंल. मग म्हनलं सकाळी बोलंल. आता तर पोर समोर उभी हाय, आन तरी बी तुमी न्हाई म्हनता.”

मामा म्हणाले, “सोयरीक इस्वासावर हुती, पाव्हनं. राग मानू नका.”

ते उठले. जाताना त्या बाईनं माझ्या हातातला ट्रे घेऊन ओट्यावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली, डागांवरून अंगठा फिरवला. घाई केली नाही. “लई ग्वाड बोलतीस स्टेजवर,” म्हणाली. मला रडू फुटलं. मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, पण माझे हात असे दिवसाउजेडी कुणी धरले नव्हते.

मुलगा जाताना काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तो बोलला नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणायचं?

अण्णा ओट्यावरच बसून राहिले. कारखान्याचा भोंगा झाला तरी उठले नाहीत. आई आत गेली होती. मी कपबश्या गोळा करत होते.

“माझी लाज वाटली का गं तुला?” त्यांनी विचारलं.

एरवी मी ‘नाही हो’ म्हणाले असते. “वाटली,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. म्हणाले, “तू ल्हान असताना तुला खांद्यावर बसवून राहात्याच्या बाजारात न्यायचो मी. कुनी बी भेटलं की म्हनायचो, बघा माझी लेक.”

“तेव्हा डाग नव्हते, अण्णा.”

त्यांनी नजर खाली घेतली आणि म्हणाले, “व्हय. तवा न्हवते.”