पाठीचा तुकडा

डॉक्टरांनी ताईला स्टुलावर पाठमोरी बसवलं आणि तिच्या पाठीवर डाव्या बाजूला, खांद्याच्या हाडाखाली, जांभळ्या पेनानं एक आकार काढला. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगलेला, वीतभर लांबीचा मासा. "इथून घ्यायचं आणि पुढं आणायचं," ते म्हणाले.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. रिसोडला घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं, तीस वर्षांपासून. कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढला त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. केमो झाली, रेडिएशन झालं, डोक्यावर केस पुन्हा आले. मग नागपूरच्या या डॉक्टरांनी सांगितलं की हवा असेल तर स्तन पुन्हा तयार करता येतो. नको असेल तरी काही बिघडत नाही, आजाराचा त्याच्याशी संबंध नाही, ठरवायचं तिनं. आम्ही दोघी त्या दिवशी नुसतं विचारायला गेलो होतो.

डॉक्टर समजावून सांगत होते. कातडी आणि तिच्याखालचा स्नायू असा एक तुकडा उचलायचा, काखेखालच्या कातडीच्या आतून पुढं सरकवायचा आणि छातीवर बसवायचा. मी वहीत लिहून घेत होते. ताई वळून पाहायचा प्रयत्न करत होती.

"म्हंजे तुकडा येगळा नाई करत," ती म्हणाली. "काखेत जुळेलच ठेवता."

"अगदी. तिथून त्याला रक्त मिळतं. सुटा केला तर मरेल."

"मंग फिरवल्यावर सुलट बाजू वर येते का उलटी?"

डॉक्टर थांबले. "सुलट."

"आन् पाठीवर जागा रिकामी होईन थे?"

"दोन्ही कडा ओढून शिवतो."

"ओढ बसीन मंग, वाकताना. तिरपं काहून नाई काढलं? आडवं काढलं तुमी."

"आडवं असलं की व्रण आतल्या कपड्याच्या पट्ट्याखाली झाकला जातो."

ताईनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. डॉक्टर पेन बंद करून तिच्यासमोर येऊन बसले. "तुम्ही काय करता?"

"ब्लाऊज शिवतो जी."

त्यानंतर ते तिच्याशी पेशंटशी बोलतात तसं बोललेच नाहीत. पुढचा अर्धा तास दोन कारागीर बोलत होते आणि मी, वाशीमच्या कॉलेजात पुस्तकं सांभाळणारी, मध्ये वही घेऊन बसले होते. तीन महिने मशीनवर बसता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. डावा हात वर उचलताना, जोरानं ओढताना थोडा कमी पडेल, कदाचित कायमचा. पुढच्या महिन्यात तपासणीला याल तेव्हा काय ते सांगा, म्हणाले.

परतताना शेलूबाजारला बस चहाला थांबली तेव्हा ताई म्हणाली, "तुले काय वाटते?"

मी म्हटलं, "लिहून देतो तुले."

"तू अशीच. भूक लागली तं अर्ज लिहिशीन."

पण मी खरंच लिहिलं. चार पानं. मी त्या वर्षभरात मिळेल ते वाचलं होतं आणि माझं मत तयार होतं. बाईची किंमत तिच्या छातीवर नसते, स्तन हवा असं वाटणं म्हणजे जगाच्या नजरेला घाबरणं, सपाट छातीनं ताठ मानेनं जगणाऱ्या बायका जगात आहेत, आणि तुझा हात हे तुझं पोट आहे. ते पत्र लिहिताना मला आपण फार धीट आहोत असं वाटत होतं. भाऊजींचं म्हणणंही नकोच होतं. ते बाजार समितीत मापारी, कमी बोलणारे. "आता या वयात कोणाले दाखवाचं हाय?" एवढंच म्हणाले. त्यांचं आणि माझं उत्तर एकच निघालं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

ताईनं पत्र वाचलं, घडी घातली आणि मशीनच्या खणात ठेवलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी तिनं दुकानाचं दार आतून लावून घेतलं. किन्हीराजाहून एक मावशी आली होती, साठी ओलांडलेली, ताईची पंधरा वर्षांची गिऱ्हाईक. मी उठायला लागले तर ताई म्हणाली, "बस. तुले बी पाह्याचं हाय."

मावशीनं ब्लाऊजचे हूक काढले. उजव्या बाजूला काही नव्हतं. बरगड्या होत्या, आणि काखेत शिरणारी एक गुळगुळीत, चकचकीत रेघ. ताईची छातीसुद्धा मी पट्टी असतानाच पाहिली होती. कुठं बघावं ते मला कळेना. मावशीला त्याचं काही नव्हतं. ती पदरानं घाम पुसत होती.

पंधरा वर्षांपूर्वी अकोल्याला तिचा स्तन काढला होता. घरी सांगितलं, गाठ काढली. नवऱ्याला माहीत होतं, तो गेला. सुना नंतर आल्या. आता फक्त ताईला माहीत होतं, कारण ताईनं तिचं माप घेतलं होतं. ताईनंच तिच्यासाठी मलमलची दुहेरी पिशवी शिवली होती, जवस भरून. दुसऱ्या बाजूच्या वजनाइतकं जवस. ब्लाऊजच्या आत त्या पिशवीसाठी खिसा. नुसता कापूस चालत नाही, ताईनं मला सांगितलं. वजन नसलं की तो खांदा वर चढतो, मान कलते, ब्लाऊज सरकत राहतं. दर सहा महिन्यांनी जवस बदलायचं.

"एकदा सुनेले सापडली ना थे पिशवी," मावशी म्हणाली. "तिले वाटलं शेकाची हाय. तव्यावर गरम केली आन् गुडघ्याले लावून बसली. म्या आली पाणी घेऊन तं हे असं. म्हणते, आत्याबाई, लय आराम पडला."

"मंग?" ताईनं विचारलं, जरी तिला हे माहीत असणार.

"मंग काय. म्हणलं ठेव तुलेच. दुसरी शिवून घेतली. आता तिच्या माहेरी बी मांगून राह्यले तसली."

दोघी हसत होत्या. ताईनं मापाची वही काढून दाखवली. काही मापांपुढं पेन्सिलीनं एक बारीक फुली होती. वर्षानुवर्षांच्या अशा चार बायका. दर सुटीत मी त्या खोलीत कोपऱ्यात बसून कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्या चौघी माझ्यासमोरून आत आल्या असतील, माप देऊन गेल्या असतील. मला काहीही दिसलं नव्हतं. माझ्या बहिणीच्या डोक्यात आमच्या भागातल्या बायकांचं असं काय काय होतं, आणि ते तिनं किती सहज सांभाळलं होतं, याची मला त्या दुपारी जवळजवळ भीती वाटली.

मावशीनं विचारलं, डॉक्टर करणार काय म्हणून. ताईनं खणात हात घातला, माझं पत्र बाहेर काढलं आणि कात्री लावली. माशाचा आकार कापला, एक टोक न तोडता तसंच ठेवलं, आणि तो तुकडा वळवून पुढं आणून टाचणी लावली.

"हे काय लिहेल हाय त्याच्यावर?" मावशी म्हणाली.

"इचं मत हाय."

"वाचून दाखव ना मंग."

"नको," मी म्हटलं.

मावशीनं कागद उलटसुलट केला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "माह्यावेळी कोणी इचारलं असतं तं म्या हाव म्हणलं असतं."

मला हे अपेक्षित नव्हतं. ताईनं तिला मुद्दाम बोलावलं ते, यांच्यासारखं राहता येतं हे मला दाखवायला, असं मी समजत होते. मी विचारलं, "कायले, मावशी?"

"कायले म्हंजे? माही होती ना थे." ती हूक लावू लागली. "दिसाचं सोड. लुगड्यात काय दिसते. पण माणूस कुशीवर निजते तं त्याले आपलं वजन समजते. म्या पंधरा वर्सं झाले या कुशीवर निजली नाई. निजलं का वाटते कोणाच्या दुसऱ्याच्याच अंगावर निजली."

माझ्या चार पानांत दिसण्याबद्दल पुष्कळ होतं. वजनाबद्दल एक ओळही नव्हती.

ताईनं त्या दिवशी काही जाहीर केलं नाही. पण पुढचे पंधरा दिवस ती डावा हात मांडीवर ठेवून कापड बेतत होती. डाव्या हाताऐवजी कापडावर लोखंडी वजन ठेवायची आणि एकट्या उजव्या हातानं कात्री चालवायची. आधी कड वाकडी येत होती. मग सरळ यायला लागली. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवताना ती भाऊजींना म्हणाली, "करतो मी थे. लगनसराई उरकली का जातो."

"ठरलंच मंग?"

"हाव."

भाऊजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "कोणाले दाखवाचं असं म्हणलो होतो मी," ते म्हणाले. "थे चुकलं माह्यं."

"मले पाह्याचं हाय," ताई म्हणाली. "वाढू का भाजी?"

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी पट्टी बदलताना नर्सनं मला आत येऊ दिलं. रेडिएशननं काळपटलेल्या छातीवर उजळ, निराळ्या पोताच्या कातडीचा एक मोठा बदाम बसवलेला होता, आणि त्याला उंची होती. त्याच्या कडेला एक तीळ होता. ताई हनुवटी खाली दाबून बघत होती.

"हा कोणाचा?" ती म्हणाली.

"तुहाच. पाठीवर होता." लहानपणी तिच्या पाठीला साबण लावताना मी तो कितीदा पाहिला होता. तिनं कधीच नाही. पन्नास वर्षं तो तिच्या मागे होता आणि आता समोर आला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. नर्सनं कडेनं कापूस फिरवला तेव्हा ताईनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, पाठीला कोणी हात लावला. डॉक्टर म्हणाले, काही काळ असं होतं, स्नायूला अजून आपली जुनीच जागा माहीत असते. मी आयुष्यात इतकं वाचलं, पण माणसाच्या शरीराबद्दल असं काही मी कुठं वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

चार महिन्यांनी ती मशीनवर बसली. जाड कापड डाव्या हातानं दाबून कात्री चालवली की तो नवा स्तन आतून उडायचा. "पाठीचं काम इसरलं नाई थे अजून," ती म्हणायची, आणि उडवून दाखवायची.

एकदा तिनं टेप माझ्या हातात दिली. तीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, तिचं कोणी घेतलं नव्हतं. जुन्या ब्लाऊजवरून ती आपलं बेतायची. "ओढू नको, नुसती ठेव," ती सांगत होती. उजवीकडून आणि डावीकडून मी आकडे सांगितले. अर्ध्या इंचाचा फरक आला. मी पुन्हा मोजायला लागले.

"राहू दे," ती म्हणाली. "अर्धा इंच सगळ्यायचाच असते. दोनी बाजू सारख्या असलेली बाई म्या अजून पाह्यली नाई."

ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी आजार हाडांत उतरला. मी एकटी डॉक्टरांकडे जाऊन विचारून आले. त्या ऑपरेशनचा याच्याशी काही संबंध नव्हता. तरी भाऊजींच्या एका चुलतीनं ताईच्या उशाशी बसून म्हटलंच, "दोन-अडीच सालासाठी कायले एवढी कापाकापी करून घेतली, बाई?"

ताई डाव्या कुशीवर होती. "तुमी दिवाळीचं ब्लाऊज किती साल घालता, काकू?" ती म्हणाली.

ताई एका सकाळी गेली. अंगणात साड्यांचा आडोसा करून तिला आंघोळ घालायला आम्ही सात-आठ जणी होतो, शेजारच्या बायका, बहुतेक तिच्या गिऱ्हाईक. मी अंगावरचं कापड बाजूला केलं आणि सगळ्या थांबल्या. भाऊजी आणि मी सोडून गावातल्या कोणीही ते पाहिलं नव्हतं. एकीनं हळूच विचारलं, "हे काय गं?"

मी चारचौघीत बोलणारी बाई नाही. पण मी सांगितलं. हे पाठीचं आहे. पूर्ण कापत नाहीत, काखेत जुळलेलं ठेवतात आणि आतून फिरवून पुढं आणतात. तिनं स्वतः विचार करून हे करून घेतलं. त्यांना पटेना, म्हणून आम्ही तिला कुशीवर वळवलं आणि मी पाठीवरची आडवी रेघ दाखवली. एक म्हातारी पुढं झाली. तिनं ओल्या बोटानं त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, मग पुढं येऊन बदामाच्या कडेवरून. तिचं प्रत्येक ब्लाऊज ताईनं शिवलेलं होतं.

"कुठंच चुणी नाई," ती म्हणाली. "पाह्य गं, कुठंच ओढ नाई आली."

मग दुसरी वाकली. मग तिसरी. कोणी रडत नव्हतं त्या वेळी. एकेक जण जवळून बघत होती, बोट लावून, ताई हयात असताना तिच्या शिलाईला लावायच्या तसं. मी तिचा खांदा धरून बसले होते. तांब्यातलं पाणी निवून गेलं, आणि पुन्हा तापवायला ठेवावं लागलं.