चुलीसकट विकलेलं घर

मुलगी, जावई, नातवंडं सगळी एका छपराखाली यावीत म्हणून उबेरलिंदाने बंदराजवळ मोठं घर घेतलं आणि टेकडीवरचं जुनं लाकडी घर यास्नाला विकलं. चिलोए बेटावर विकलेलं घरच बैल जुंपून नव्या मालकाच्या जमिनीवर ओढून नेतात. दोर धरायला सारा गाव जमला होता.

"मावशी, चूल विझवू?" यास्नाने विचारलं.

"खबरदार! विस्तव विझवून घर ओढतात का कधी? बटाटे टाक शिजायला. गाव काय उपाशी ओढेल?"

बैलांनी जोर लावला. घर करकरलं आणि धूर सोडत उतारावरून चालू लागलं. "गेली एकदाची ब्याद!" म्हणत उबेरलिंदाने बाहीने नाक पुसलं.

संध्याकाळी बंदराजवळच्या घरात चूल पेटेना. जावई फुंकून फुंकून दमला.

"तुमच्या या घराची चूलही तुमच्यासारखीच आळशी!" उबेरलिंदा करवादली.

तेवढ्यात दार ढकलून यास्ना आली. हातातल्या डब्यात निखारे होते.

"मावशी, तुमच्याच चुलीतले."

उबेरलिंदाने निखारे चुलीत ओतले. जाळ धडधडला. बराच वेळ तिने मागे वळून पाहिलं नाही.

"दार लाव आधी," ती खेकसली. "माझ्या घरात वारा शिरतोय."