कूलर बंद करणारे सर

सत्य शोधणाऱ्याला ऊन लागत नाही, असं आमच्या शेजारचे रसायनशास्त्राचे सर म्हणत. चंद्रपुरात राहून हे म्हणायला निष्ठा लागते.

सरांची पीएच.डी. पॉर्फिरिनवर होती. रक्तात लोह धरून ठेवणारं रेणूचं कडं असतं, त्याच घराण्यातलं. सरांनी त्या कड्यात निकेल बसवलं होतं. निकेल बसलं की कड्यातली नायट्रोजन-हायड्रोजनची थरथर संपते आणि इन्फ्रारेडच्या आलेखातला तिचा खळगा नाहीसा होतो. सरांच्या आलेखात तो पुसटसा उरला होता.

"पावसाळ्यातली ओल आहे, तिचाही खळगा तिथेच पडतो. लिहून टाका," गाईड म्हणाले.

"आन् निकेलच पुरतं आत गेलं नसंल तं?" सर म्हणाले. तसं असेल तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागणार होतं. तरीही त्यांनी प्रबंध उन्हाळ्यापर्यंत थांबवला.

तेव्हापासून ते आमच्याकडे आले की बसण्याआधी कूलर बंद करत. "खिशात निकेलवाली पावडर हाये, ओल धरते, भाऊ." पावडर नसली तरी करत.

मे महिन्यात आलेख पुन्हा काढायला ते नागपूरला निघाले, त्यांच्यासोबत मीही गेलो. सरांनी यंत्राच्या खोलीतलाही कूलर बंद करायला लावला.

"काऊन जी सर, मले भाजून राह्यले का?" यंत्र चालवणारा म्हणाला.

"तुले नाई रे, ओल भाजून राह्यलो."

आम्ही तिघेही घामाने निथळत होतो. आलेख निघाला. खळगा जागच्या जागी होता. सरांनी तो कागद उजेडात धरून समाधानाने पाहिला.

ओल नव्हती. निकेलच पुरतं आत गेलं नव्हतं.