मागे घेतलेली साक्ष

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चमध्ये मी पेटी वाजवतो, त्यामुळे माझं तोंड कायम मंडळीकडे. कोण पेंगतंय, कोण मोबाइल बघतंय, सगळं दिसतं. नंदकिशोर शिरसाट सरांना मात्र तीस वर्षांत कधी पेंगताना पाहिलं नव्हतं. हल्ली पेंगतात.

सर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी उपासनेनंतर तरुणांना देव. कॉलेजची पोरं वाद घालायलाच यायची. देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, की ती चांगली म्हणून देव सांगतो? सर म्हणायचे, "दोन्ही चुकलं. चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे. तो खोटं बोलत नाही, त्याला ते जमतच नाही." मला ते जरा पाठ केल्यासारखं वाटायचं, पण सरांपुढे बोलणार कोण?

गेल्या जूनमध्ये एका सकाळी सरांच्या बिल्डिंगचा जिना कोसळला. सर दहा मिनिटं आधीच खाली उतरले होते. वरच्या मजल्यावरचा सुबोध जिन्यातच होता. तो गेला. तो आणि त्याची बायको नमिता आमच्याच मंडळीतले.

आमच्याकडे रीत आहे. संकटातून वाचलेल्याने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. दोन रविवारांनी सर सवयीने उभे राहिले. म्हणाले, "देवाने मला दहा मिनिटं आधी खाली नेलं." मंडळी म्हणाली, आमेन. तिसऱ्या बाकावर नमिता बसली होती. तिचा चेहरा पाहून पुढच्या गाण्यात माझी बोटं चुकली.

उपासना सुटल्यावर तिने सरांना दारातच गाठलं.

"सर, तुम्हाला त्याने खाली नेलं ना? मग सुबोधला काय, मुद्दाम जिन्यात ठेवलं?"

सरांकडे उत्तरं होती. बिल्डरचं पाप, माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, आपल्याला न कळणारी योजना. तीस वर्षं हेच तर शिकवलं होतं. ते सगळं सोडून सर छत्री उघडून पावसात चालू लागले.

मग वर्ग बंद पडला. सर यायचे, मागे बसायचे, पेंगायचे. नमिता त्यांच्याकडे बघायचीही नाही. सुबोधच्या जागेवर ती आपली पर्स ठेवायची, कोणी बसू नये म्हणून. मला सरांचा रागही यायचा आणि कीवही.

ऑगस्टमध्ये ते पाळकसाहेबांकडे गेले. साक्ष मागे घ्यायची म्हणाले.

"सर, साक्ष कोणी मागे घेतं का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत हो. थकलो मी आता."

गेल्या रविवारी ते पुढे येऊन उभे राहिले.

"देवाने मला खाली नेलं, असं मी इथे म्हणालो होतो. मला ते माहीत नव्हतं. घरातलं दूध नासलं होतं, म्हणून मी पिशवी आणायला उतरलो. माहीत आहे ते एवढंच. देव खोटं बोलत नाही असं शिकवलं आणि त्याच्याच नावावर मी..." त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. "सुबोध का गेला, मला ठाऊक नाही, नमिता."

आमेन कोणी म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी मला गाणं सुरू करायची खूण केली. मी पेटीचा भाता धरून तसाच बसलो. सरही तिथेच उभे, पहिल्या बाकाची कडा धरून.

नमिताने शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा सर," ती म्हणाली. "किती वेळ उभे राहणार?"