डबे, पाणी आणि दीडशेची गाडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीत सुटली. हे कुणासाठी लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घाला.

भूकंपात गावचं घर पडलं, मालकांचा पाय अधू झाला, म्हणून आम्ही लातूरला आलो. नांदेड, भोकरकडची पोरं क्लाससाठी लातूरला येत. मालक स्वयंपाक करत आणि मी त्यांच्या जुन्या मोटारसायकलवरून डबे पोचवी. कैक वर्षं चालवली. लोक बघत, मी कुणाकडे बघत नसे.

डबे वाढले तशी ती गाडी पुलाच्या चढावर दम टाकू लागली. उमरीच्या नणंदेने उसने पैसे दिले, म्हणून दीडशे सीसीची घेतली. डबे चालू राहिले तरच ते फिटणार होते.

जुनीचे सगळे गिअर पुढे दाबून पडत. नवीचा पहिला तेवढा खाली, बाकीचे वर उचलायचे. मला ते कळलं होतं, पायाला नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिसरा टाकायला गेले आणि सवयीने खाली दाबलं. पहिला पडला. मागचं चाक घासत गेलं. मी सावरले, पण निम्मं वरण रस्त्यावर सांडलं.

होस्टेल सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "गाडी चालवून राहिली का नांगर? पुन्हा असं झालं तर पोरं दुसरी मेस बघतील."

मी गाडी तशीच गॅरेजवर नेली, झालेलं सांगितलं.

गल्लीतले मेकॅनिक चाचा हसले. "भाभी, पहिले जुनी गाडी भूल जाव. हिचा कान, ही मूठ, एवढा पिळायचा न्हाई. डबे पाण्यानं भरा, मैदानात फिरवा."

रोज पहाटे फिरवले. मालक काठी टेकत येत, झाकणं उघडून बघत.

"आज दोनच सांडले. लई सुधारलीस."

"तुम्ही भाकरी शिकलात त्यापेक्षा लवकर," मी म्हटलं.

मूठ जरा फिरवली की पुरे, आणि ब्रेक आधीपासून धरायचा, हे हळूहळू अंगात भिनलं. एकदा पुलाचा चढ कधी संपला ते कळलंच नाही. भीती वाटली, आणि हसूही आलं.

पोरं टिकली. दर महिन्याला थोडे थोडे पैसे उमरीला जात राहिले. शेवटचे द्यायला मालकांना मागे बसवून मीच गेले.

"मोजून घ्या, वन्सं," मी म्हणाले.

"आधी चहा पी. एवढ्या लांबून गाडी हाणत आलीस, बया."

चहानंतर त्यांनी मोजले. बरोबर भरले. सगळे फिटले.