अलिफ सात

निजामी अमलात नांदेडच्या घाटावर एक कारकून होता. गोदावरीतल्या होड्या तपासून तो त्यांच्यावर दर्जाचं उर्दू अक्षर आणि नंबर रंगवायचा. मी पलीकडच्या शाळेत शिकवायला होडीनं जायचो. "अलिफ म्हंजी लई मजबूत, बे म्हंजी कच्ची. अक्षर पाहून चढा, मास्तर," हे त्याचं रोजचंच, मला कंटाळा यायचा.

पुरात अलिफ सात बुडाली. कारकुनाची बायको अक्षर पाहूनच तिच्यात चढली होती.

नवी होडी आली. त्यानं फळ्या ठोकून पाहिल्या आणि पुन्हा अलिफ सातच रंगवायला घेतलं.

"दुसरा नंबर द्या की," मी म्हणालो.

"सरकारी नंबरात खाडा चालत न्हाई, मास्तर."

त्यानं नंबर रंगवून पुरा केला. पण अक्षर पाहून चढा, असं त्यानं पुन्हा कुणालाच सांगितलं नाही.