दुखरी कूस

ओल्या गोणपाटाचा वास आला की जवळा बाजार या गावाजवळचं ते उत्खनन आठवतं. उन्हानं हाडं तडकू नयेत म्हणून आम्ही ती ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचो. हजारो वर्षांपूर्वी पुरलेले बाकी सगळे सांगाडे उताणे होते, हा एकच डाव्या कुशीवर. त्याच्या उजव्या खुब्यातली भोकं मी वाळवीची समजलो आणि कुशीबद्दल वहीत लिहिलं, ‘पुरताना निष्काळजीपणा’. दुपारी भिंगातून नीट पाहिलं, तर हाड आतून पोखरलेलं होतं, बहुतेक कॅन्सरच. शेजारी माती चाळणाऱ्या गावातल्या मावशींना मी तसं सांगितलं. चाळणी खाली ठेवून त्या सांगाड्याजवळ येऊन बसल्या. “म्हून असं निजवलं त्याला,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूलाबी कमरेत हाच रोग व्हता. दुखऱ्या कुशीवर आमी तिला कधी निजवलं न्हाई. तिरडीवरबी न्हाई. लोक म्हनले, आता काहून? आता तिला कशाची तकलीफ?” मग त्यांनी गोणपाट हळूच ओढून तो खुबा झाकला. छापील अहवालात आज फक्त रोगाचं नाव आहे. पण माझ्या वहीत त्या दुपारी खोडलेला ‘निष्काळजीपणा’ अजून वाचता येतो, आणि तो माझाच होता.